वजन उतरले, ताटाचे काय?

शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते आणि वजन २२ किलोंनी उतरले होते. माध्यमिक शाळेत शिकविणाऱ्या त्या बाई तपासणीसाठी आल्या तेव्हा खरे तर आनंदात असायला हव्या होत्या. पण केस गळत होते, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या आणि रक्तातील अल्ब्युमिनचे प्रमाण खालच्या मर्यादेला टेकले होते. दिवसभरात काय खाता, असे विचारल्यावर त्यांनी आधी पाठ केल्यासारखी यादी सांगितली. सकाळी पावडर, दुपारी मुगाचे वरण, संध्याकाळी पुन्हा पावडर, रात्री पनीर. मग थोडे थांबून म्हणाल्या, "खरं सांगू का मॅडम? गेले तीन आठवडे यातलं काहीच घशाखाली उतरत नाही. पावडरचा डबा उघडला की वासानेच मळमळतं. चहात बुडवून मारी बिस्किटं खाते, ती मात्र छान जातात."

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर आहार बिघडू लागतो तो नेमका या वाक्यापासून. चहात विरघळलेले बिस्किट लहान झालेल्या जठरातून विनासायास पुढे सरकते. पोट भरल्याची जाणीव ते देत नाही, त्यामुळे दोनाची चार होतात. प्रथिने मात्र नगण्य मिळतात. पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, खारी, आइस्क्रीम हे सारे याच जातीचे, घसरत खाली जाणारे पदार्थ. रुग्ण त्यांच्याकडे वळतो याला हावरेपणा हे कारण क्वचितच असते. तेच ते खाऊन तो कंटाळलेला असतो. 'कंटाळा' हा शब्द रुग्णाच्या कागदपत्रांत सहसा कुणी लिहीत नाही. तो लिहिला जावा, असे आहारतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे काम केल्यावर मला वाटू लागले आहे.

बेरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियांचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. २०२२ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी शस्त्रक्रियेचे निकष नव्याने ठरविले. १९९१ पासून चालत आलेली मर्यादा त्यांनी खाली आणली आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी तर शरीरभार निर्देशांक २७.५ च्या पुढे असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे सुचविले. साहजिकच मराठी घरांत असा एखादा सदस्य असणे आता दुर्मिळ राहिलेले नाही, आणि त्याच्यासाठी वेगळे काय शिजवायचे, हा प्रश्न त्याच्यापेक्षा घरच्यांनाच अधिक पडतो.

प्रथिनांवर एवढा भर का, हे आधी समजून घ्यायला हवे. वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पुरेशी प्रथिने आणि नियमित चालणे-व्यायाम यांनी ही झीज आटोक्यात राहते. जखम भरून येण्यासाठीही प्रथिनेच लागतात. केसांचे थोडे वेगळे आहे. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणे उत्तम आहार घेणाऱ्यांतही दिसते व बहुधा आपोआप थांबते. परंतु प्रथिने, लोह व जस्त कमी पडले तर ते लांबत जाते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक व अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दररोज किमान ६० ग्रॅम, आणि आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने घ्यावीत. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी हा आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

आता ६० ग्रॅम म्हणजे किती? कच्च्या मूगडाळीत शंभर ग्रॅमला २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. म्हणजे केवळ डाळीवर भागवायचे तर रोज पाव किलो डाळ पोटात जायला हवी. पाव किलो डाळ शिजविली की मध्यम पातेले भरते, आणि इथे तर एका वेळी अर्धी वाटी जाताना मुश्कील. पाऊण वाटी पातळ वरणातून जेमतेम साडेतीन-चार ग्रॅम प्रथिने मिळतात. 'वरणाचे पाणी' म्हणून आजारी माणसाला प्रेमाने पाजतात त्यातून तर त्याहूनही कमी.

आपल्या नेहमीच्या जेवणात प्रथिनांचा मोठा वाटा पोळी-भाकरीचा असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. एका मध्यम पोळीत तीन ग्रॅम, ज्वारीच्या एका भाकरीत पाच ग्रॅमच्या आसपास. दोन वेळच्या मिळून बरीच बेरीज होते. शस्त्रक्रियेनंतर हाच वाटा गळून पडतो, कारण पोळी-भाताला जागाच उरत नाही. शिवाय मऊ पोळी आणि पाव चावून त्यांचा गोळा होतो आणि तो अन्ननलिकेच्या टोकाशी अडकून बसतो. जे आजवर न मागता मिळत होते, ते आता उरलेल्या चार-सहा पदार्थांतून मिळवावे लागते. तेच चार-सहा पदार्थ पुन्हापुन्हा येतात, म्हणून कंटाळा लवकर गाठतो.

डावी बाजू

यावर जो उपाय मला सर्वांत उपयोगी वाटला, तो आपल्या ताटातच आहे. मराठी ताट वाढण्याची एक पद्धत आहे. मध्ये पोळी किंवा भात, उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटी आणि डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवी बाजू पोटासाठी आणि डावी जिभेसाठी, असे म्हणायला हरकत नाही. शस्त्रक्रियेनंतर उजव्या बाजूचे पदार्थ मध्ये येतात आणि मधले पदार्थ कडेला जातात. उसळ हेच जेवण होते आणि भाकरी तोंडीलावणे. डावी बाजू मात्र तिथेच राहते, किंबहुना अधिक मोलाची होते. चमचाभर चटणी जागा अडवीत नाही, पण अख्ख्या घासाची चव पालटते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, रोज नवे पदार्थ शोधीत बसण्याची गरज नाही. पाच-सहा पाये पक्के करावेत आणि त्यांवर डाव्या बाजूचे पंधरा-वीस स्वाद आलटून पालटून चढवावेत. शाकाहारी माणसासाठी हे पाये म्हणजे चक्का व पनीर, मूगडाळ, बेसन वा कुळथाचे पीठ, सोललेली कडधान्ये आणि सोयाबीन. अंडी खाणाऱ्यांना अंडे, आणि मांसाहारी मंडळींना मासे व कोंबडी हे आणखी आधार.

चक्क्याचेच पाहा. श्रीखंडामुळे आपण त्याला गोडाच्या दावणीला बांधून टाकले आहे. साय काढलेल्या दुधाचे दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवले की साध्या दह्याच्या दुप्पट-तिप्पट प्रथिने असलेला घट्ट चक्का मिळतो, आणि तो लहान पोटात अलगद मावतो. त्यात एके दिवशी मेतकूट आणि हिंग-जिऱ्याची चमचाभर फोडणी घालावी. दुसऱ्या दिवशी किसलेली काकडी आणि दाण्याचे कूट. तिसऱ्या दिवशी जवसाची किंवा कारळ्याची चटणी. कधी भाजलेल्या वांग्याचा गर मिसळून दह्यातले भरीत, कधी नुसते पुदिना, आले आणि सैंधव. पाया एकच असला तरी खाणाऱ्याला आठवडाभर तो एक वाटत नाही. साखर घातलेले श्रीखंड मात्र बायपास झालेल्यांनी टाळलेलेच बरे. साखर झपाट्याने आतड्यात उतरली की धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब असा त्रास होतो. याला 'डम्पिंग' म्हणतात, आणि एकदा अनुभवलेला माणूस ते विसरत नाही.

पिठले हा तर अशा रुग्णांसाठीच निर्माण झाला असावा, असा पदार्थ आहे. बेसनात शंभर ग्रॅमला २० ते २२ ग्रॅम प्रथिने, मऊपणा बेताचा आणि चव ओळखीची. पाण्याऐवजी ताकात केले तर आणखी थोडी भर पडते. कोकणातील कुळथाची पिठी प्रथिनांत बेसनाच्या तोडीस तोड असून तिच्या आमसुलाच्या आंबटपणाने पावडरच्या गोडसर चवीला विटलेले तोंड उघडते. विदर्भातील पाटवडी हेही बेसनच. तिचा तर्रीदार रस्सा सुरुवातीचे काही महिने दूर ठेवून वडी ताकाच्या कढीत सोडावी. झुणका मात्र कोरडा असतो व अडकतो. त्याला सहा महिन्यांनंतरच हात लावावा.

कडधान्यांविषयी थोडे सावध राहावे लागते. मटकी, हरभरा, चवळी यांची साले सुरुवातीला पचत नाहीत. पोट फुगते आणि रुग्ण कडधान्यांनाच कायमचा नकार देऊन बसतो. म्हणून आरंभ सोललेल्या वालांपासून करावा. भिजवून, मोड काढून, एकेक दाणा सोलून केलेले वालाचे बिरडे हे काम किचकट खरे, पण दाणा लोण्यासारखा मऊ शिजतो आणि किंचित कडवट चव जिभेला जागे करते. त्यानंतर मुगाचे गाळलेले कढण, मसुराची आमटी, मग मोडाच्या मुगाची उसळ, आणि सर्वांत शेवटी हरभरा-राजमा, असा क्रम माझ्या अनुभवात सोसतो.

सोयाबीनच्या वड्यांना महाराष्ट्रात फारसे प्रेम मिळालेले नाही. वाळलेल्या वड्यांत निम्मा भाग प्रथिनांचा असतो, इतकी प्रथिने दुसऱ्या कोणत्याही डाळीत सापडणार नाहीत. त्यांचा उग्र वास जाण्यासाठी त्या उकळत्या पाण्यात भिजवून, दोनदा पिळून, मिक्सरमधून खिम्यासारख्या काढाव्यात आणि मग टोमॅटो, आले, लसूण व गरम मसाल्यावर परताव्यात. अख्खी वडी रबरासारखी लागते आणि चावता चावता माणूस थकतो. ती तशीच वाढली गेली म्हणून पुष्कळांनी सोयाबीन सोडले आहे.

अंडे, मासे आणि रस्स्याचा भ्रम

शस्त्रक्रियेनंतर अंड्यातील पिवळे काढून टाकण्याची रीत अनेक घरांत दिसते. अख्ख्या अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात, त्यांतील जवळजवळ निम्मी बलकात. ब-१२ जीवनसत्त्वही बलकातच असते. ज्याला दोन अंडीसुद्धा एका वेळी जात नाहीत, त्याने त्यातील निम्मे फेकून देणे परवडणारे नाही. कोलेस्टेरॉलविषयी शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे. उकडलेले अंडे कोरडे होते आणि छातीत बसते. त्याऐवजी उकळत्या आमटीत अलगद फोडून सोडलेले अंडे, दूध घालून मंद आचेवर केलेली ओलसर भुर्जी, किंवा दुधात फेटून मीठ-मिरी-वेलचीविना वाफवलेले, खरवसासारखे थरथरणारे अंडे खाऊन पाहावे. या शेवटच्या प्रकारावर लसणीची चटणी भुरभुरली तर तो खरवसापासून पुरेसा दूर जातो, हे मुद्दाम सांगते, कारण गोड खरवसाची आठवण येऊन काही जण साखर मागतात.

मासे खाणाऱ्यांचे भाग्य थोर. पापलेट, सुरमई, रावस यांत शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि माशाचे मांस कोंबडीपेक्षा कितीतरी लवकर विरते. आले, लसूण, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांचे वाटण लावून केळीच्या पानात वाफविलेला मासा सहाव्या-सातव्या आठवड्यापासून बहुतेकांना चालतो. ताजे बोंबील मऊ असतात, पण त्यांत पाणीच फार, त्यामुळे प्रथिनांच्या हिशेबात ते कमी भरतात. वाळले की चित्र उलटते. सुके बोंबील, सुका जवळा यांत वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. मीठ भरपूर असल्याने ते दोन-तीनदा धुऊन घ्यावेत आणि रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावेत. चमचाभर जवळ्याची चटणी पिठल्याशेजारी ठेवली तर डाव्या बाजूनेही प्रथिनांत भर घातली, असा विरळा योग जुळतो.

कोंबडीचा कोरडा तुकडा हा या रुग्णांचा जुना वैरी आहे. फ्रिजमधला तुकडा दुसऱ्या दिवशी गरम केला तर तो हमखास अडकतो. खिमा करावा, किंवा दह्यात मुरवून झाकण ठेवून शिजवावा आणि दातांनी नव्हे तर सुरीने आधीच वाटाण्याएवढे तुकडे करून घ्यावेत.

कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी मला सांगितले होते, "पांढरा रस्सा रोज पितो, आणखी काय पाहिजे?" पांढऱ्या रस्स्यात नारळाचे दूध, खसखस आणि मसाला असतो, मटणाची चव उतरते, पण प्रथिने बहुतांशी मटणातच राहतात. पाया सूपची गोष्टही तशीच. हाडांतून उतरते ते मुख्यतः जिलेटिन, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच. थंडीत गरम सूप प्यावे, जरूर प्यावे. ते प्रथिनांच्या खात्यात मांडू नये, एवढेच.

कुरकुरीतपणाची ओढ

चव पालटली तरी एक अडचण उरते. हे सारे अन्न मऊ असते. दोन महिने मऊ खाल्ल्यावर दातांना काहीतरी कुरकुरीत हवे होते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. ही ओढ नैसर्गिक आहे. तिला रागावून उपयोग नाही. तिसऱ्या महिन्यानंतर, शल्यचिकित्सकांची परवानगी घेऊन, फुटाणे साल काढून नीट चावून खाता येतात. वीस ग्रॅम फुटाण्यांतून चार ग्रॅम प्रथिने मिळतात. कोथिंबीर वडी वाफवून, पातळ कापून, तव्यावर तेलाच्या बोटावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजली तर तळणीची उणीव भासत नाही. मूगडाळीचे धिरडे कडेने कुरकुरीत करून आत पनीर कुस्करून भरले की एका लहान धिरड्यात ११ ग्रॅमपर्यंत मजल जाते. शेंगदाणे मात्र मोजून घ्यावेत. त्यांत शंभर ग्रॅमला २४ ग्रॅम प्रथिने असली तरी जवळपास निम्मा भाग तेलाचा आहे.

उपवासाचा विषय टाळून चालणार नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार मोजले तर वर्षातले कितीतरी दिवस होतात, आणि त्या दिवशी प्रथिनांचा सारा हिशेब कोलमडतो. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटातून येतात. शिवाय चिकट साबुदाणा चावला न गेल्यास पोटात गोळा धरतो. उपवास सोडा, असे मी कुणाला सांगत नाही; सांगितले तरी ऐकणार कोण? दाण्याची आमटी आणि थोडी भगर, जिरे-मिरचीवर परतलेले पनीर, काकडी घातलेला चक्का, दुधात भिजविलेल्या राजगिऱ्याच्या लाह्या असा उपवास करता येतो. राजगिऱ्यात १३-१४ टक्के प्रथिने असतात, वरी-तांदळापेक्षा पुष्कळ अधिक. दुधापासून काढलेली व्हे प्रथिनांची पावडर उपवासाला चालते का, असा प्रश्न एका आजींनी विचारला होता. पनीर करताना जे पाणी वेगळे होते त्याचीच ती भुकटी, असे सांगितल्यावर त्यांनी तो प्रश्न स्वतःच निकालात काढला. निर्जळी उपवास मात्र करू नये. एका दमात तांब्याभर पाणी पिऊन नंतर भरपाई करणे या पोटाला शक्य नसते.

पावडर टाकून द्यायची का?

नाही. निदान शाकाहारी माणसाने पहिल्या वर्षात तरी नाही. सहा महिने उलटलेल्या एका शाकाहारी व्यक्तीचा चांगला दिवस मांडून पाहू. सकाळी साय काढलेल्या १५० मिलिलिटर दुधात पावडरचा एक माप, २५ ग्रॅम. दहाच्या सुमारास पनीर भरलेले मूगडाळीचे धिरडे, ११ ग्रॅम. दुपारी अर्धी वाटी बिरडे आणि त्याबरोबर मेतकुटाचा चक्का, पुन्हा ११. चार वाजता मूठभर फुटाणे, ४. रात्री ५० ग्रॅम पनीरची भुर्जी व चार चमचे पिठले, १३. बेरीज ६४. यातली वीस ग्रॅमची पावडर वजा केली तर ४४ उरतात, तेही दिवस सुरळीत गेला तर.

२०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहारविषयक नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि त्यांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेणे टाळावे, असा सल्ला दिला. ती बातमी वाचून अनेक घरांत डबे बंद झाले. तो सल्ला सर्वसाधारण निरोगी माणसांसाठी आहे. जठर लहान झालेल्या रुग्णाला पावडर डॉक्टरांच्या सल्ल्याने, औषधासारखी दिलेली असते.

पावडरचा वीट येतो तो बहुधा तिच्या व्हॅनिला-चॉकलेटच्या गोडव्याचा. बिनस्वादाची पावडर आणली की ती स्वयंपाकघरात कुठेही मिसळते. जिरे-हिंग लावलेल्या ताकात, धिरड्याच्या पिठात, टोमॅटोच्या सारात. फक्त उकळत्या पदार्थात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात. आच बंद करून, पदार्थ कोमट झाल्यावर, आधी थोड्या गार पाण्यात कालवून मग मिसळावी. धिरड्याबरोबर भाजली गेली तरी प्रथिने वाया जात नाहीत. बायपासनंतर काहींना दुधातील साखर पचेनाशी होते. त्यांनी दुग्धशर्करा काढलेली किंवा सोयाबीनची पावडर निवडावी.

शस्त्रक्रियेनंतर चवीही बदलतात. आवडती वस्तू नकोशी होते, गोड अधिक गोड लागते, एखादा वास असह्य होतो. आज नकोसा झालेला पदार्थ दोन महिन्यांनी पुन्हा आणून पाहावा. नवा पदार्थ एका वेळी एकच, दोन चमचे, तोही घरी आणि सवड असताना. लग्नाच्या पंगतीत पहिला प्रयोग करू नये. तिथे आग्रह करणारे असतात आणि उठून जायला संकोच वाटतो. घास लहान, जेवण वीस-तीस मिनिटांचे, आणि जेवताना व नंतर अर्धा तास पाणी नाही. उचकी, नाकातून पाणी किंवा छातीच्या हाडामागे दाब जाणवला की चमचा खाली ठेवावा. वाटीत उरलेल्या दोन घासांसाठी जीव टाकणाऱ्या आपल्या पिढीला हे फार जड जाते.

त्या शिक्षिकाबाईंच्या घरी हे गणित सोडविले ते त्यांच्या सासूबाईंनी. सूनबाई नुसते पिठले कसे खाणार, या विचाराने घरात पिठलेच होत नव्हते. "अगं, पिठल्याला भाकरी लागतेच असं कुणी सांगितलं? वाटीत घे, वरून लसणीचं तिखट घाल आणि चमच्यानं खा," असे म्हणून त्यांनी एके संध्याकाळी वाटी पुढे केली. वेगळा स्वयंपाक त्यांनी कधीच केला नाही. उसळीत बटाटा आणि गूळ पडण्याआधी सुनेची वाटी काढून ठेवायची, आमटी दाट असतानाच तिच्यासाठी वगळायची आणि मग बाकीच्यांसाठी पाणी वाढवायचे, एवढेच. मारी बिस्किटे बंद व्हायला तरीही महिना-सव्वा महिना लागला. शाळेच्या डब्यात आता फुटाणे आणि वडी असते, आणि मधल्या सुट्टीत इतर शिक्षिका त्यातलेच मागतात, अशी त्यांची नवी तक्रार आहे.

आहार कितीही वैविध्याचा असला तरी ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेऊ नये. रक्ततपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी करावी. काहीच त्रास होत नाही म्हणून दुसऱ्या वर्षापासून ती सोडून देणारे अनेक जण असतात. कमतरता मात्र बऱ्याचदा त्याच सुमारास डोके वर काढते.

एक प्रसंग असा आहे की तिथे पाककृती बदलून चालत नाही. दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील, पायांवर सूज येत असेल, हातापायांना मुंग्या येऊन चालताना तोल जात असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील, तर ते ब-१ जीवनसत्त्व किंवा प्रथिने धोकादायक पातळीपर्यंत घटल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी शल्यचिकित्सकांशी संपर्क साधावा आणि शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची झाली होती, हे सर्वांत आधी सांगावे.